मोठ्या बोअरचे पिस्तूल : मैसूरच्या घरात त्याचा उपयोग किती?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, महानवमीला, मैसूरच्या राजवाड्यात आयुधपूजा होते. राजघराण्याची आयुधे कोडी सोमेश्वराच्या मंदिरात नेऊन शुद्ध केली जातात आणि मग कल्याणमंटपात त्यांची विधिवत पूजा होते. महाराष्ट्रात याच तिथीला खंडेनवमी म्हणतात. शहरात ज्या थोड्या घरांत परवान्याचे शस्त्र आहे तेथे तेही त्या दिवशी कपाटातून बाहेर काढून, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवण्याची रीत आहे. बहुतेक ठिकाणी ती बारा बोअरची दुनळी असते किंवा कानपूरच्या कारखान्यातील .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. क्वचित एखाद्या घरात मात्र आजोबांच्या वेळचे .४५ बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल निघते. असे पिस्तूल वारशाने हाती आलेला किंवा विकत घेण्याच्या विचारात असलेला माणूस साहजिकच विचारतो की, आजच्या काळात हे बाळगणे व्यवहार्य आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर पिस्तुलाच्या ताकदीत शोधले जाते. वस्तुतः ते परवाना, काडतुसे, सराव आणि वापराचे प्रसंग यांत दडलेले आहे.

बोअर आणि अर्धस्वयंचलित म्हणजे काय

बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास. तो इंचात सांगितला तर .३२, .४५ असे आकडे येतात. मिलिमीटरमध्ये सांगितला तर ७.६५, ९ असे. .४५ म्हणजे सुमारे ११.४३ मिलिमीटर. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. परंतु त्या स्फोटाच्याच जोरावर वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत बसवतो. चाप दाबून धरल्यास गोळ्यांची रांग सुटणारे शस्त्र ते पूर्ण स्वयंचलित. ते सामान्य नागरिकाच्या हाती पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

.३२ बोअरच्या पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास असते. .४५ ची नेहमीची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने निघते. वेग दोहोंचा फारसा वेगळा नाही. पण वजन तिपटीहून अधिक असल्याने तिचा संवेग जवळजवळ तिप्पट होतो, आणि भौतिकशास्त्राच्या नियमानुसार तेवढाच झटका चालवणाऱ्याच्या मनगटालाही बसतो. पिस्तूल स्वतः सव्वा किलोच्या आतबाहेर भरते, त्यामुळे झटका काहीसा शोषला जातो. परंतु ते वजन दिवसभर कमरेला वागवायचे असते, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात सहसा ध्यानात येत नाही.

.४५ ची ख्याती कोठून आली

या बोअरच्या कीर्तीचे मूळ फिलिपिन्समध्ये आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील मोरो लढवय्यांशी झुंजताना अमेरिकी सैन्याला आपली .३८ बोअरची रिव्हॉल्व्हरे अपुरी वाटू लागली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून परीक्षा घेतली आणि लष्करी पिस्तूल .४५ पेक्षा लहान असू नये, असा अभिप्राय दिला. त्यातूनच जॉन ब्राउनिंग याने रचलेले कोल्ट पिस्तूल १९११ मध्ये अमेरिकी सेनेने स्वीकारले आणि ते १९८५ पर्यंत तिचे अधिकृत पिस्तूल राहिले. आपल्याकडे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला त्याच सुमारास .४५५ बोअरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. दोन महायुद्धे, संस्थानिकांचे शिकारखाने, निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची खरेदी अशा वाटांनी ही जड शस्त्रे भारतीय घरांत आली.

ख्याती टिकली, तिचा आधार मात्र पुढे ढासळला. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेतील मायामी येथे केंद्रीय तपास संस्था एफबीआयचे दोन अधिकारी दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत ठार झाले. एका दरोडेखोराला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयापर्यंत न पोहोचता अलीकडेच थांबली होती आणि तो त्यानंतरही लढत राहिला. या घटनेनंतर त्या संस्थेने मोठ्या बोअरचा आग्रह धरला. प्रथम १० मिलिमीटरचे पिस्तूल घेतले, ते अनेक अधिकाऱ्यांना आवरेना म्हणून .४० चे घेतले, आणि २०१४ च्या सुमारास पुन्हा ९ मिलिमीटरकडे परतण्याचा निर्णय केला. कारण असे देण्यात आले की, आधुनिक गोळ्यांमुळे या बोअरांच्या जखमांत व्यवहारात फारसा फरक उरत नाही. झटका कमी असलेल्या पिस्तुलाने बहुसंख्य माणसे अधिक लवकर आणि अधिक अचूक नेम साधतात. ज्यांचा दरवर्षी नियमित सराव होतो अशा प्रशिक्षित अधिकाऱ्यांचा हा अनुभव आहे. वर्षातून एकदा पूजेसाठी पिस्तूल हाती घेणाऱ्याची गोष्ट त्याहून वेगळी कशी असेल?

उलट बाजूने पाहिले तरी लहान बोअर निरुपद्रवी आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांची हत्या झाली ती ७.६५ मिलिमीटरच्या पिस्तुलाने, असे न्यायवैद्यक तपासात पुढे आले होते. .३२ चा व्यास तोच.

कायदा काय सांगतो

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क भारतात नाही, याकडे लक्ष वेधले. शस्त्र ही येथे शासनाने अटींवर दिलेली सवलत आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम या अटी ठरवतात.

मैसूर शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे; हुणसूर, नंजनगूड किंवा टी. नरसीपूरसारख्या तालुक्यांतील रहिवाशाला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. अर्जदाराचे वय २१ पूर्ण असावे लागते. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमी लेखी द्यावी लागते. व्यवसायाच्या स्वरूपामुळे किंवा अन्य कारणाने जीवित वा मालमत्तेच्या संरक्षणाची खरीखुरी गरज आहे, हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. म्हणजे दुनळी आणि रिव्हॉल्व्हर आधीच बाळगणाऱ्या बागायतदाराला वडिलांचे .४५ ठेवायचे तर हातातले एक सोडावे लागते.

बोअरचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्या नळीत लष्करी वा पोलिसी काडतूस बसते ती नागरिकाच्या हाती नसावी, हे आपल्या शस्त्र नियमांचे जुने सूत्र आहे. त्याची मुळे साम्राज्यकाळात सापडतात. बंडखोरांना मार्टिनी-हेन्री रायफलीची काडतुसे मिळू नयेत म्हणून ब्रिटिशांनी १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली, आणि इंग्लंडमधील बंदूककारांना .४७० आणि .४६५ यांसारखे नवे बोअर केवळ या बंदीला वळसा घालण्यासाठी काढावे लागले. आजच्या नियमांत लष्करी ९ मिलिमीटरचे काडतूस किंवा .३८० आणि .४५५ ची कडेची काडतुसे बसतील अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित गटात मोडतात. त्यांचा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर मिळत नाही. तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय आहे. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास २०१९ पासून किमान सात आणि कमाल चौदा वर्षे कारावास आहे.

कोल्टचे .४५ आणि वेब्लीचे .४५५ यांत सामान्य माणसाला फरक दिसत नाही. नोंदवहीत मात्र तो सगळ्यात मोठा फरक ठरतो. जुन्या परवान्यांवर हातांनी लिहिलेल्या नोंदी असतात, कोठे "४५ रिव्हॉल्व्हर" एवढेच लिहिलेले असते, कोठे बोअरच चुकलेला असतो. म्हणून अशा शस्त्राची देवघेव करण्यापूर्वी नळीवरील प्रत्यक्ष शिक्का, परवान्यावरील नोंद आणि राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीतील विशिष्ट ओळख क्रमांक या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात किंवा नाही, हे परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी ठरवून घेतलेले बरे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

परवान्याचे क्षेत्रही मैसूरकरांनी विसरता कामा नये. येथून काही तासांच्या वाटेवर एकीकडे वायनाड लागते, दुसरीकडे उटी. म्हणजे केरळ आणि तमिळनाडू. केवळ कर्नाटकापुरता वैध परवाना घेऊन पिस्तुलासह बंदीपूरचे जंगल ओलांडून पुढे गेलेला माणूस सीमेपलीकडे विनापरवाना शस्त्रधारी ठरतो.

काडतुसांचा हिशेब

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद आहे. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. परिणामी देशात आहेत तेवढीच जुनी विदेशी पिस्तुले हातोहात फिरत राहतात. अमेरिकेत मध्यमवर्गीय माणूस सहज विकत घेईल असे कोल्ट भारतात कित्येक लाखांना विकले जाते. ही किंमत दुर्मिळतेची आहे, उपयुक्ततेची नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. सरकारी कारखान्यांनी नागरी विक्रीसाठी घडवलेली पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे मुख्यतः .३२ बोअरची राहिली आहेत. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून आलेले "निर्भीक" रिव्हॉल्व्हरही .३२ चेच; वजन सुमारे अर्धा किलो आणि तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतील दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे आणि १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याच छत्राखाली आहे. नागरी वापराची काडतुसे पुरवण्याची या कारखान्यांची परंपरा आहे. परंतु त्यांचा भर अर्थातच ज्या बोअरची शस्त्रे देशात अधिक आहेत त्यांवर असतो.

.४५ च्या धन्याला काडतुसांसाठी वणवण करावी लागते ती यामुळे. हाती पडणारी काडतुसे कधी कित्येक दशकांपूर्वीची असतात. मैसूरची हवा सौम्य असली तरी पलीकडच्या कोडगूतला पाऊस धातूला आणि दारूला दोन्हींना मानवत नाही. जुने काडतूस चाप ओढल्यावर फुटलेच नाही तर निदान कळते. ते अर्धवट पेटून गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली तर नळी फुटून चालवणाऱ्याचाच हात जातो. जुन्या पिस्तुलाच्या स्प्रिंगाही कालांतराने सैल पडतात आणि मॅगझिनच्या ओठांना किंचित वाक आला तरी काडतूस अडते. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढून पुढचे येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात सरकता भाग हाताने मागे ओढून दोष दूर करावा लागतो, आणि अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत हे जमण्यासाठी हाताला ती सवय असावी लागते.

ती सवय शेकडो काडतुसे झाडल्याशिवाय लागत नाही. परवान्यावर मात्र काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. जी थोडी मिळतात ती महाग असल्याने मालक जपून ठेवतो, आणि जपून ठेवल्याने सराव होत नाही. मोठ्या बोअरच्या व्यवहार्यतेला छेद देणारे यासारखे दुसरे कारण नाही.

खेळासाठी म्हणून ते घ्यावे, तर तेही साधत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर एवढ्याच व्यासाला मुभा आहे, ११.४३ मिलिमीटरचे .४५ त्यात बसतच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले ते इवल्याशा .२२ बोअरवर.

संकट कोणते?

अर्जात "आत्मसंरक्षण" हा शब्द सर्रास लिहिला जातो. मैसूर परिसरात संरक्षण नेमके कशापासून, हे पाहू गेल्यास चित्र निराळे दिसते. ८ जून २०११ रोजी दोन रानटी हत्ती मैसूर शहरात शिरले आणि त्यांपैकी एकाने एका माणसाचा बळी घेतला. अखेर भुलीच्या इंजेक्शनांनी त्यांना काबूत आणले गेले. टी. नरसीपूर तालुक्यात २०२२-२३ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शहरालगतच्या इन्फोसिसच्या आवारात बिबट्या दिसल्याने कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगण्यात आले. अशा वेळी जवळ मोठे पिस्तूल असते तर, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण हत्तीच्या कवटीपुढे .४५ ची संथ, जड गोळी जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि जखमी हत्ती बिनजखमी हत्तीपेक्षा शतपटीने घातक असतो. झडप घालणाऱ्या बिबट्यावर पिस्तुलाने नेम साधणे निष्णात माणसालाही अवघड. शिवाय दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिलेल्या सूचीत आहेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने केलेली कृती कायदा क्षमतो. पण ती तशी होती हे नंतर दाखवून द्यावे लागते.

माणसापासूनच्या संरक्षणालाही मर्यादा आहेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाचा हक्क देतात. परंतु आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत. मृत्यू वा गंभीर इजेची रास्त भीती असेल तरच प्राण घेण्यापर्यंत मजल जाऊ शकते. चोर पळून जात असताना मागून झाडलेली गोळी त्यात बसणे कठीण. मैसूरच्या जुन्या कौलारू वस्तीतले पातळ दरवाजे आणि फळ्यांच्या आडभिंती कोणत्याच पिस्तुलाची गोळी अडवू शकत नाहीत, मग पलीकडे कोण झोपले आहे हा प्रश्न बोअर निवडताना पहिला यायला हवा. लग्नात किंवा विजयोत्सवात हवेत बार काढणे हाही २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

येथे शेजारच्या कोडगूचा दाखला घेण्यासारखा आहे. १८६१ पासून कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षे वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धची याचिका फेटाळली. सप्टेंबरमधील कैलपोद सणाला तेथे बंदुकींना फुले वाहिली जातात. मुलगा जन्मला तर एक बार, माणूस गेला तर दोन बार, अशी प्रथा आहे. बंदूक ज्यांच्या संस्कृतीचाच भाग आहे अशा या समाजाची ओळख कॉफीच्या मळ्यात खांद्यावर टाकलेल्या लांब नळीच्या बंदुकीशी जोडलेली आहे, कमरेच्या जड पिस्तुलाशी नाही. रानडुकराला हाकलायला आवाज पुरतो, आणि छऱ्याच्या बंदुकीची काडतुसे मिळतात.

निवडणुकीच्या दिवसांत कर्नाटकातील बागायतदारांना आणखी एक अडचण येते. आचारसंहिता लागू झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. कोणाला सूट द्यायची हे छाननी समिती ठरवते. लाखो रुपयांचे पिस्तूल काही आठवडे ठाण्यात पडून असल्याची कल्पनाच मालकाची झोप उडवते. ते त्याच्या संरक्षणासाठी होते की तोच त्याच्या संरक्षणासाठी, असा प्रश्न अशा वेळी पडतो.

वारशाने आले असेल तर

विकत घेण्याचा विचार करणाऱ्याला सल्ला सोपा आहे : तेवढ्याच पैशांत .३२ चे नवे शस्त्र, पुरेशी काडतुसे आणि नीट प्रशिक्षण मिळून बरेच पैसे उरतात. ज्याच्या घरात .४५ आधीच आहे त्याचा पेच अधिक खरा आहे, कारण त्यात आजोबांची आठवण गुंतलेली असते.

परवानाधारक हयात असतानाच निर्णय घेणे उत्तम. त्याचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे जवळ असेल तर कायदेशीर वारसाच्या नावे ते हस्तांतरित करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे; वारसाला स्वतंत्र परवाना मिळवावा लागतो. परवानाधारकाचा मृत्यू झाला असेल तर शस्त्र घरात ठेवून घेणे हाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मगच अर्ज करावा. दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाणे अंमलदाराला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. जमा करताना नळीवरचा क्रमांक पावतीवर उतरवला गेला आहे ना, हे तेथेच उभे राहून पाहावे. काडतुसांची संख्याही त्याच पावतीवर असावी.